वारसा घ्यायचा तर ऋणासकट

१९९० साली लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एका जुन्या गाडीच्या सौद्याचा खटला आला. गाडी म्हणजे बेंटली स्पीड सिक्स, लाडकं नाव 'ओल्ड नंबर वन'. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली होती. एक कोटी पौंडांना व्यवहार ठरला आणि मग घेणाऱ्यानं पाय मागे घेतला. ही ती गाडीच नव्हे, असं त्याचं म्हणणं. म्हणण्यात दम होता. साठ वर्षांत इंजिन बदललं होतं, सांगाड्यात फेरफार झाले होते, बॉडी नवी चढली होती. १९२९ साली जिंकलेल्या गाडीतलं जवळजवळ काहीच जागेवर नव्हतं. तरीही निकाल लागला तो विकणाऱ्याच्या बाजूनं. गाडीचा इतिहास मध्ये कुठे तुटलेला नाही, प्रत्येक बदल आधीच्याच गाडीत झाला, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी समोर नाही. तेव्हा हीच खरी 'ओल्ड नंबर वन', असा त्याचा मथितार्थ. याच अखंड इतिहासात १९३२ ची ब्रुकलँड्सची शर्यतही येते, जिच्यात ही गाडी चालवताना क्लाइव्ह डनफी मरण पावला. ल माँचा मान ज्या धाग्यानं आजच्या गाडीपर्यंत पोचतो, त्याच धाग्यानं ब्रुकलँड्सचा मृत्यूही पोचतो. या प्रकरणात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न काही इंग्रजांनी शोधून काढलेला नाही. 'मिलिंदपञ्हा'त ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, आणि त्यातला रथाचा दृष्टान्त आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. महाराज, रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? राजा नाही-नाही म्हणत जातो आणि शेवटी रथ हे अवयवांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव ठरतं. इथवर सगळे येतात आणि इथेच थांबतात. म्हणून बौद्ध विचार म्हणजे 'काहीच तेच नसतं' अशी समजूत पसरलेली आहे. पण त्याच ग्रंथात नागसेन पुढे आंबेचोराची गोष्ट काढतो. चोर पकडला जातो आणि म्हणतो, यानं जमिनीत पुरला तो आंबा वेगळा, मी तोडले ते आंबे वेगळे, मग मी याचं काय चोरलं? राजाच कबूल करतो की चोर सुटत नाही, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यामुळेच झाले. म्हणजे एकपणा नाकारूनही नागसेन जबाबदारी सोडत नाही. उलट, नंतरचं आधीच्याचं काही लागतं हे ठरवण्याची त्याची कसोटी जबाबदारीची आहे. मोटार कंपन्या आपल्या गाजलेल्या स्पोर्ट्स कारचा वारसा कसा सांभाळतात, हे मला याच कसोटीवर पाहायचं आहे. माझं म्हणणं असं की, नवी गाडी जुनीची वारस ठरते ती जुनीसारखी दिसते म्हणून नव्हे, नाव तेच आहे म्हणूनही नव्हे, तर जुनीचं देणं ती अंगावर घेते म्हणून.

याला सगळ्यात भक्कम पुरावा पोर्शे ९११ चा आहे. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती ९०१ म्हणून आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोनं हक्क सांगितला आणि १९६४ मध्ये तिचं ९११ झालं. दोन लिटरचं, हवेनं थंड होणारं, सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद १३० अश्वशक्ती. आणि हे इंजिन बसवलेलं मागच्या आसाच्याही मागे. यामुळे काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. भरधाव गाडी वळणात शिरली आणि चालकाला वाटलं की वेग जरा जास्त झाला, तर तो सहज ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पाय काढताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागच्या टायरांची पकड सुटते, आणि आसामागे लोंबणारं इंजिनाचं वजन शेपूट बाहेरच्या अंगाला फेकतं. घाबरून माणूस जे करतो तेच नेमकं इथे अंगाशी येतं. हा दोष अपघातानं राहून गेलेला नव्हता. तो त्या रचनेच्या पोटातच होता. सुरुवातीला पुढच्या बंपरच्या टोकांत लोखंडी वजनं घालून तो झाकायचा प्रयत्न झाला, ही चक्क ठिगळपट्टी होती. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, इंजिन होतं तिथेच ठेवलं, आणि एका बॅटरीच्या जागी दोन बॅटऱ्या पुढच्या कोपऱ्यांत नेल्या, म्हणजे लोखंडाऐवजी निदान कामाचं वजन पुढे आलं. मग मागचे टायर रुंद झाले. १९८९ च्या पिढीत टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती आली. त्यापुढच्या पिढीत मागचं सस्पेन्शन मुळापासून नवं झालं. २०११ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर आणखी १०० मिलिमीटरनं वाढलं आणि आस इंजिनाच्या आणखी जवळ गेला. साठ वर्षं एकाच दोषाशी चाललेलं हे भांडण. ९११ मध्ये टिकून राहिलेली वस्तू शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. टिकून राहिलेलं आहे ते हे भांडण.

उलटा पुरावाही याच कारखान्यात मिळतो. सत्तरच्या दशकात पोर्शेच्या वरिष्ठांनी ठरवलं की ९११ चे दिवस भरले. १९७७ मध्ये तिची जागा घ्यायला ९२८ आली. इंजिन पुढे, पाण्यानं थंड होणारं, आठ सिलिंडरचं, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्ही आसांवर जवळजवळ सारखं वाटलेलं. शेपूट फेकण्याचा प्रश्नच निकालात. १९७८ चा 'युरोपियन कार ऑफ द इयर' हा मान तिला मिळाला. कुठल्याही तक्त्यावर मोजा, ९२८ सरस निघेल. आणि तरी ती वारस झाली नाही. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. तांत्रिक विभागाचे हेल्मुट बॉट यांच्या खोलीत मॉडेलांच्या पुढच्या आराखड्याचा तक्ता होता आणि त्यावर ९११ ची रेघ १९८१ च्या अखेरीस संपत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलून ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून पुढे नेली, ही हकिगत ते स्वतःच पुढे सांगत. हिचा अर्थ बहुतेक वेळा 'भावनेनं हिशोबावर मात केली' असा लावतात. मला तो अपुरा वाटतो. ९२८ नं जुना दोष सोडवला नाही, ती त्याला वळसा घालून गेली. कर्जात बुडालेलं घर सोडून दुसऱ्या गावी नवं बिऱ्हाड करणारा मुलगा कदाचित जास्त शहाणा असेल, पण त्या घराचा कर्ता म्हणून गाव त्याच्याकडे पाहत नाही. ९२८ चांगली १९९५ पर्यंत निघत राहिली, आणि शेवटपर्यंत ती ९११ च्या शेजारची गाडी राहिली.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: इतकं खोलात कशाला, लोक आकार ओळखतात. उतरतं छत, गोल दिवे, फुगीर मागची बाजू. पाहताक्षणी 'ही तीच' असं वाटतं आणि ते पुरेसं आहे. नैयायिकही ओळख पटण्याला, प्रत्यभिज्ञेला, पुरावा मानतात: तेव्हा पाहिलेला देवदत्त तो हाच. पण याच वादात बौद्धांनी दिलेलं उत्तर अजून खोडून निघालेलं नाही. कापलेली नखं पुन्हा वाढली की आपण तीच नखं म्हणतो, रात्रभर तेवणाऱ्या ज्योतीला तीच ज्योत म्हणतो. इथे ओळख पटते ती सारखेपणामुळे, एकपणामुळे नव्हे. ९११ च्या इतिहासात ही गोष्ट १९९७ मध्ये उघड झाली. त्या पिढीत, जिला कारखान्याच्या भाषेत ९९६ म्हणतात, हवेऐवजी पाणी आलं, आणि पुढचा भाग स्वस्तातल्या बॉक्स्टरशी वाटून घेतल्यानं गोल दिव्यांच्या जागी तव्यावर पसरलेल्या अंड्यासारखे दिवे आले. चाहत्यांनी थयथयाट केला. ही ९११ नव्हेच, असं म्हणणारे अजूनही आहेत. पण पाणी का आलं? प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व द्यायचे तर नुसत्या हवेनं ते थंड ठेवणं अवघड होतं. शिवाय १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे इतकी तोट्यात होती की कंपनीचे नवे प्रमुख वेन्डेलिन वीडेकिंग यांनी कारखाना सुधारायला जपानी सल्लागार बोलावले होते. म्हणजे ९९६ नं आकाराचा थोडा बळी देऊन दोन थकलेली देणी भागवली, एक शहरातल्या हवेचं आणि एक कंपनीच्या तिजोरीचं. २००४ मध्ये गोल दिवे परत आले आणि सगळे खूश झाले. माझ्या मते मात्र ९९६ ही दिसायला कमी आणि नात्यानं जास्त ९११ आहे.

आकाराच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी जॅग्वारकडे पाहावं, कारण तिथे आकार अगदी शंभर टक्के सांभाळला गेला. आणि हे प्रकरण आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही. २००८ पासून जॅग्वार टाटा समूहाकडे आहे, म्हणजे कॉव्हेंट्रीच्या या वारशाची मालकी मुंबईकडे आहे. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस या मॉडेलच्या ठरलेल्या २५ गाड्यांपैकी ९ जळून गेल्या. २०१६ मध्ये कंपनीनं त्या ९ पुन्हा बांधायचं जाहीर केलं. त्याआधी 'लाइटवेट ई-टाइप'च्या, १९६३ मध्ये ठरलेल्या १८ पैकी न बनलेल्या ६ गाड्या बांधून झाल्या होत्या; नंतर डी-टाइपच्या १०० पैकी राहून गेलेल्या २५ आल्या. नकाशे जुने, पद्धत जुनी, पत्र्यावरचे रिव्हेटही जुन्या रीतीनं मारलेले. बनवणारी कंपनी तीच, नावही तेच. कंपनी त्यांना प्रतिकृती म्हणत नाही, 'कंटिन्यूएशन' म्हणते. कारागिरीपुढे हात जोडावेत अशी ती कामं आहेत यात शंका नाही. पण यात पुढे काय चाललं? मधल्या साठ वर्षांत सीटबेल्ट आले, धूर मोजला जाऊ लागला, गाडीपुढे येणाऱ्या माणसाचा विचार बंपरच्या रचनेत शिरला. या गाड्यांनी त्यातलं काहीच अंगाला लावून घेतलेलं नाही. आजच्या नियमांत त्या रस्त्यावरच्या गाड्या म्हणून बसत नाहीत. शर्यतीच्या बंद ट्रॅकवर किंवा संग्रहात त्यांची जागा. डी-टाइप म्हणजे १९५५ ची ल माँ, जी जॅग्वारनं जिंकली आणि जिच्यात मोटार शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत भयानक अपघात होऊन ८० हून अधिक माणसं गेली. दोष त्या गाडीचा नव्हता, पण त्या शर्यतीनंतर सुरक्षिततेचा जो प्रश्न सगळ्या कारखान्यांपुढे उभा राहिला, त्याच्या आधीच घड्याळ थांबवून या पंचवीस गाड्या उभ्या आहेत. कंपनी इतिहासाला जिथे हवं तिथे शिवून घेते आणि नको तिथे उसवते. गंमत म्हणजे याच जॅग्वारनं २०२४ मध्ये कशाचीच नक्कल न करण्याची घोषणा देत, संस्थापक विल्यम लायन्स यांचा हवाला देत नवं बोधचिन्ह काढलं. आधी हुबेहूब नक्कल, मग नकलेचा धिक्कार. दोन्ही वेळा वारशाच्या नावानं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. देणं अंगावर घेणं हीच कसोटी मानली, तर कुठल्याही नव्या गाडीला जुनं नाव देऊन 'आम्ही जुन्या चुका सुधारल्या' म्हणता येईल. फोर्डनं २०१९ मध्ये चार दरवाजांच्या विजेवरच्या एसयूव्हीला मस्टँग म्हटलं. मित्सुबिशीनं 'एक्लिप्स' हे आपल्या कूपेचं नाव एका क्रॉसओव्हरला चिकटवलं. मग या वारस का नाहीत? कारण देणं हे नेमकं असतं, मोघम नसतं. एक्लिप्सच्या कूपेत कुठला प्रश्न अडला होता ज्याचं उत्तर म्हणून ही उंच गाडी आली, हे कुणी सांगितलेलं मला तरी दिसलं नाही. याउलट कॉर्व्हेट पाहा. १९५३ पासून पुढे असलेलं इंजिन २०२० च्या मॉडेलमध्ये चालकाच्या मागे गेलं. वरवर हा ९२८ पेक्षा मोठा घटस्फोट. पण झोरा आर्कस-डंटोव्ह हे कॉर्व्हेटचे अभियंते १९६० पासून मधे इंजिन असलेल्या प्रायोगिक गाड्या बांधत होते आणि कंपनी ते टाळत होती. आठव्या पिढीनं घराण्यातलाच साठ वर्षं थकलेला शब्द पाळला. म्हणून इतकं सगळं उलटंपालटं करूनही ती कॉर्व्हेट राहते. फरक बदलाच्या आकारात नसून, बदल कुणाच्या मागणीवरून झाला यात आहे.

आता कसोटी कंपनीला जिथे बोचते तिथे लावू. पोर्शेचं डिझाइन ऑफिस १९३१ मध्ये श्टुटगार्टला सुरू झालं ते तिघांच्या भागीदारीत: फर्डिनांड पोर्शे, त्यांचे जावई आंटोन पीएश आणि आडोल्फ रोझेनबर्गर. रोझेनबर्गर शर्यतपटू होते, पैसा आणि व्यवहार त्यांनी पाहिला. ते ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांचा हिस्सा दर्शनी किमतीला काढून घेतला गेला. त्याच वर्षी त्यांना अटक झाली, छळछावणीत ठेवलं गेलं, आणि पुढे देश सोडून ते अमेरिकेत गेले. १९६७ मध्ये तिथेच वारले. कंपनीच्या स्वतःविषयीच्या कथनात कित्येक दशकं त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. त्यांच्यावर नीट संशोधन व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. यावर ठरलेलं उत्तर असतं की १९३५ च्या कृत्याचा दोष आजच्या कामगाराला किंवा भागधारकाला कसा लागेल? तो लागत नाही, हे मान्य. पण आपल्या धर्मशास्त्रानं इथे एक फार बारीक भेद केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' सांगतात की बापाचं ऋण मुलानं फेडायचं, पण दारू-जुगाराची उधारी नाही, आणि बापाला झालेला दंडही नाही. शिक्षा वारशानं येत नाही, ऋण येतं. रोझेनबर्गर यांचा हिस्सा कमी किमतीला घेतला गेला, हे ऋण आहे. पुत्राचं हे धार्मिक दायित्व आपल्या कायद्यानं २००५ च्या दुरुस्तीत संपवलं आणि देणं मिळालेल्या मालमत्तेपुरतं राहिलं. तोच नवा नियम लावा हवं तर. जी कंपनी १९३१ पासूनचा सगळा मान आपलाच म्हणून सांगते, तिला मालमत्ता सगळी मिळालेली आहे, तेव्हा देण्यालाही तेवढीच मर्यादा. आणि हे फक्त जुन्या पापांपुरतं नाही. ९९६ च्या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग अनेक गाड्यांत निकामी होऊन इंजिनं बाद झाली. २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबत अमेरिकेत सामूहिक दावा गेला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. साठ वर्षांच्या विजयांची यादी तोंडपाठ असणाऱ्या कंपनीला एका बेअरिंगसाठी कोर्टापर्यंत न्यावं लागलं. वारसा सांभाळण्याची परीक्षा संग्रहालयापेक्षा अशा ठिकाणी जास्त होते.

विजेच्या गाड्यांचा प्रश्न यातूनच येतो. २०२४ मध्ये रस्त्यावरच्या ९११ मध्ये पहिल्यांदा हायब्रिड यंत्रणा आली: ३.६ लिटरचं इंजिन, गिअरबॉक्समध्ये एक मोटर, टर्बोला एक मोटर, आणि जेमतेम १.९ किलोवॅट-अवरची बॅटरी. ही बॅटरी बसवली आहे गाडीच्या पुढच्या बाजूला, जिथे १९६९ च्या मॉडेलमध्ये त्या दोन बॅटऱ्या गेल्या होत्या साधारण त्याच भागात. जुनं भांडण अजून मिटलेलं नाही याची ही खूणच. पण पूर्ण विजेवरची ९११ निघाली तर मागे लोंबणारं इंजिनच उरणार नाही. मग माझ्याच युक्तिवादानं ती ९२८ सारखी परकी ठरेल का? नाही, कारण ९११ च्या नावावर आता दुसरं, मोठं देणं चढलेलं आहे. २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्याबाहेर पडली; त्या सगळ्यांनी जाळलेल्या पेट्रोलचा धूर हा त्या घराण्याचाच धूर आहे. त्यावर उत्तर म्हणून आलेली विजेची गाडी ९९६ च्याच वाटेनं आलेली असेल. निव्वळ वेगाचे आकडे दाखवायला आली तर मात्र ती ९२८. जुन्या गाड्या चालू ठेवण्यासाठी पोर्शेनं वेगळाही मार्ग धरला आहे. चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनासजवळ 'हारू ओनी' प्रकल्पात वाऱ्याच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढून, त्याला कार्बन डायऑक्साइड जोडून कृत्रिम पेट्रोल बनवतात. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. प्रायोगिक टप्प्याची क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर. आजवर बनलेल्या ९११ गाड्यांवर ते वाटलं तर एकेका गाडीच्या वाट्याला वर्षाला अर्धा पेलाभर येतं. देणं कबूल केलेलं आहे, हप्ता मात्र अजून नावापुरताच आहे.